मुसोलिनीला सत्ता कोणी दिली आणि ती कोणी परत घेतली

‘१९१९ च्या निवडणुकीत ज्याच्या गटाला एकही जागा मिळाली नाही, तो बेनितो मुसोलिनी तीनच वर्षांत इटलीचा पंतप्रधान कसा झाला, आणि ज्याच्या सज्ज्याखाली लाखो लोक जयघोष करत उभे राहत, तो १९४३ च्या जुलैमध्ये एका रात्रीत, कोणीही त्याच्यासाठी रस्त्यावर न उतरता, कसा कोसळला?’ असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. पदवीच्या वर्गांना आधुनिक युरोपचा इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. या प्रश्नाचे दोन भाग विद्यार्थी बहुधा वेगवेगळे विचारतात. या वाचकाने ते एकत्र विचारले याचा मला आनंद वाटतो, कारण माझ्या मते दोन्हींचे उत्तर एकच आहे. मुसोलिनीने सत्ता हिसकावून घेतली हा समज त्याच्याच प्रचारयंत्रणेने रुजवलेला आहे. वस्तुतः सत्ता त्याला देण्यात आली. ती ज्यांच्या हाती होती त्यांनी, म्हणजे राजाने, सेनापतींनी, जुन्या उदारमतवादी पुढाऱ्यांनी आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या जमीनदार-कारखानदारांनी ती दिली, आणि देताना एक किल्ली राजाकडेच राहिली. ती किल्ली वापरायला राजाला पावणेएकवीस वर्षे लागली.

मुसोलिनीचा जन्म २९ जुलै १८८३ रोजी रोमान्या प्रांतातील प्रेदाप्पिओजवळ झाला. वडील लोहार आणि कडवे समाजवादी, आई शाळामास्तरीण. मेक्सिकोचा क्रांतिकारक बेनितो हुआरेस याच्या नावावरून वडिलांनी मुलाचे नाव ठेवले. हा मुलगा मोठा होऊन समाजवादी पक्षातला जहाल वक्ता झाला, १९११ च्या लिबियावरील स्वारीला विरोध केल्याबद्दल तुरुंगात गेला, आणि १९१२ च्या अखेरीस ‘अवांती’ या पक्षाच्या मुखपत्राचा संपादक झाला. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर काही आठवडे तो तटस्थतेचा पुरस्कर्ता होता. मग त्याने एकाएकी भूमिका बदलली, युद्धात उतरण्याची मागणी केली, पक्षातून हकालपट्टी ओढवून घेतली आणि नोव्हेंबरमध्ये ‘इल पोपोलो द’इतालिया’ हे स्वतःचे दैनिक काढले, ज्याला इटलीतील कारखानदारांचा आणि पुढे फ्रान्सचाही पैसा मिळाला. त्याच्या विचारांत सुसंगती शोधण्यात अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला स्वतःला तेथे फारसे काही सापडले नाही. वाऱ्याची दिशा इतरांच्या आधी ओळखण्याची शक्ती मात्र त्याच्यात निःसंशय होती.

इटलीने त्या युद्धात सुमारे सहा लाख सैनिक गमावले. १९१७ च्या ऑक्टोबरमध्ये कापोरेत्तो येथे आघाडी फुटली आणि अडीच लाखांहून अधिक इटालियन सैनिक कैद झाले. युद्ध अखेर जिंकले, पण गुप्त करारात कबूल केलेला सगळा प्रदेश पदरात पडला नाही, आणि ‘छिन्नविच्छिन्न विजय’ हा कवी दान्नुन्झिओचा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला. लिराची किंमत घसरली, महागाई भडकली, खंदकांतून परतलेल्या शेतकऱ्याला युद्धकाळात दिलेले जमिनीचे वचन हवेत विरले. २३ मार्च १९१९ रोजी मिलानच्या सान सेपोल्क्रो चौकातील एका सभागृहात मुसोलिनीने जो ‘फाशी दि कोंबात्तिमेंतो’ (‘लढाऊ जथे’; ‘फॅसिस्ट’ हे नाव यातल्या ‘फाशी’ या इटालियन शब्दावरून आले) नावाचा गट स्थापन केला, त्याचा जाहीरनामा आज वाचला तर आश्चर्य वाटते, कारण त्यात स्त्रियांना मताधिकार, आठ तासांचा दिवस आणि भांडवलावर जबर कर अशा मागण्या आहेत. पण या मागण्यांसाठी लोकांजवळ समाजवादी पक्ष होताच. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये समाजवाद्यांना १५६ आणि कॅथलिक ‘पोपोलारी’ पक्षाला १०० जागा मिळाल्या, आणि मुसोलिनीच्या यादीला खुद्द मिलानमध्ये पाच हजार मतेही पडली नाहीत.

हा गट खरे तर तेथेच संपायचा. त्याला जीवदान मिळाले ते पो नदीच्या खोऱ्यात, आणि या भागाकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो, कारण रोममधील नाट्यमय प्रसंगांच्या झगमगाटात तो नेहमी दुर्लक्षित राहतो. फेरारा, बोलोन्या, क्रेमोना, रोविगो या जिल्ह्यांत मोठमोठ्या शेतांवर रोजंदारीने राबणाऱ्या मजुरांनी आपल्या संघटना इतक्या बळकट केल्या होत्या, की कोणाला कामावर घ्यायचे आणि किती जमिनीमागे किती मजूर ठेवायचे, हे जमीनदाराऐवजी संघटना ठरवू लागली होती. १९२० च्या सप्टेंबरमध्ये उत्तरेकडील कारखाने सुमारे पाच लाख कामगारांनी ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत देशातील सुमारे एक चतुर्थांश नगरपालिका समाजवाद्यांनी जिंकल्या. पंतप्रधान जिओलित्ती यांनी कारखान्यांवर फौज पाठवली नाही. कामगार थकून बाहेर येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली, आणि ते धोरण यशस्वीही झाले. परंतु मालकवर्गाच्या मनात एक गोष्ट घर करून बसली, ती ही की सरकार आपले रक्षण करणार नाही.

रक्षण करणारे लवकरच मिळाले. २१ नोव्हेंबर १९२० रोजी बोलोन्यात नव्या समाजवादी नगरपालिकेच्या पहिल्याच बैठकीवर फॅसिस्टांनी हल्ला केला, गोळीबारात माणसे मेली, आणि त्यानंतर काळे शर्ट घातलेल्या टोळ्यांचा एक ठरीव क्रम सुरू झाला. जमीनदाराने पैसे आणि ट्रक पुरवायचे, युद्धातून परतलेल्या तरुण अधिकाऱ्याने नेतृत्व करायचे, रात्री शेजारच्या गावात उतरून मजूर संघाचे कार्यालय, सहकारी दुकान किंवा छापखाना जाळायचा, पुढाऱ्याला घरातून ओढून काढून दंडुक्याने मारायचे किंवा त्याला जबरदस्तीने एरंडेल पाजून लोकांसमोर त्याची विटंबना करायची. एकट्या १९२१ च्या पहिल्या सहामाहीत शंभराहून अधिक मजूर कार्यालये अशी उद्ध्वस्त झाली. पोलीस पाहत राहिले. कित्येक ठिकाणी ट्रक आणि बंदुका लष्कराच्या कोठारातून आल्या. न्यायाधीशांनी मार खाणाऱ्यांना शिक्षा दिल्या आणि मारणाऱ्यांना सोडले. प्रजेचे रक्षण करण्याची शपथ घेतलेल्या माणसांनी केलेला हा विश्वासघात माझ्या दृष्टीने पुढच्या साऱ्या इतिहासाचा पाया आहे.

या टोळ्या मुसोलिनीने उभारल्या नव्हत्या. त्यांचे खरे मालक फेराराचा इतालो बाल्बो, क्रेमोनाचा फारिनाच्ची, बोलोन्याचा दिनो ग्रांदी यांच्यासारखे स्थानिक सरदार होते, ज्यांना इथिओपियातील सरदारांच्या पदवीवरून ‘रास’ म्हणत. १९२१ च्या ऑगस्टमध्ये मुसोलिनीने समाजवाद्यांशी शांततेचा करार केला तेव्हा या ‘रास’ मंडळींनी उघड बंड केले, त्याने रागाने राजीनामा दिला, आणि अखेरीस करार सोडून तो त्यांच्या मागे गेला. त्यांना मिलानमधल्या या संपादकाची गरज होती, कारण रोममधील बड्या मंडळींशी बोलण्याची कला त्याच्याशिवाय कोणाकडे नव्हती. सकाळी सभ्यतेची भाषा आणि रात्री आगी, अशी ही दुहेरी चाल होती. मे १९२१ च्या निवडणुकीत जिओलित्तींनी फॅसिस्टांना आपल्या राष्ट्रीय आघाडीच्या यादीत घेतले, संसदेत आले की ते माणसाळतील असा त्यांचा हिशेब होता, आणि अशा प्रकारे ३५ फॅसिस्ट संसदेत पोचले. दरम्यान जानेवारीत लिव्होर्नो येथे समाजवादी पक्ष फुटून कम्युनिस्ट वेगळे झाले होते, आणि पोपोलारींचे आणि जिओलित्तींचे एकमेकांशी जुळत नव्हते. जे तीन प्रवाह एकत्र आले असते तर फॅसिस्टांना सहज अडवू शकले असते, ते तिघेही एकमेकांकडेच संशयाने पाहत राहिले.

‘रोमवरील मोर्चा’ याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. २७ ऑक्टोबर १९२२ च्या रात्री काळे शर्टवाले रोमच्या बाहेर तिवोली, मोंतेरोतोंदो आणि सांता मारिनेल्ला येथे जमू लागले. संख्या फार तर पंचवीस हजारांच्या आसपास. अनेकांजवळ नीट शस्त्रे नव्हती, अन्न नव्हते, आणि पावसाने ते चिंब झाले होते. त्यांच्यासमोर राजधानीत सेनापती पुल्येसे यांच्या हाताखाली सुमारे २८ हजार सैनिक होते. पंतप्रधान फाक्ता यांच्या मंत्रिमंडळाने २८ तारखेच्या पहाटे लष्करी कायदा पुकारण्याचे ठरवले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तारा गेल्याही. सकाळी नऊच्या सुमारास फाक्ता सहीसाठी राजाकडे गेले, आणि तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलने सही करायला नकार दिला. नकाराची कारणे अनेक सांगितली जातात. फॅसिस्टांशी सलगी असलेला आपला चुलतभाऊ, आओस्ताचा ड्यूक, याची त्याला भीती होती. सैन्य गोळी झाडील की नाही याविषयी सेनापतींनी त्याच्या मनात शंका पेरली होती. आणि रक्तपाताची जबाबदारी त्याला नको होती. दुपारी लष्करी कायदा मागे घेतल्याच्या तारा गेल्या. मुसोलिनी या सर्व काळात मिलानमध्ये, स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून फार दूर नसलेल्या शहरात, थांबला होता. राजाचे बोलावणे आल्यावर तो रात्रीच्या रेल्वेगाडीने निघाला आणि ३० ऑक्टोबरला वयाच्या ३९ व्या वर्षी पंतप्रधान झाला. मोर्चेकऱ्यांची मिरवणूक रोममधून निघाली ती त्यानंतर.

त्या पहिल्या मंत्रिमंडळात फॅसिस्ट मोजकेच होते. बाकी उदारमतवादी, राष्ट्रवादी, पोपोलारी आणि सेनापती होते. संसदेत त्याने उद्दामपणे सांगितले, की मनात आणले असते तर या सभागृहाची आपल्या टोळ्यांसाठी छावणी करता आली असती, आणि त्याच संसदेने ३०६ विरुद्ध ११६ मतांनी त्याच्यावर विश्वास व्यक्त केला. बाजूने मत देणाऱ्यांत जिओलित्ती, ओर्लांदो, सालांद्रा असे माजी पंतप्रधान आणि पुढे प्रजासत्ताक इटलीचे नेतृत्व करणारे दे गास्पेरीसुद्धा होते. १९२३ च्या अचेर्बो कायद्याने किमान २५ टक्के मते मिळवून पहिल्या येणाऱ्या यादीला दोन तृतीयांश जागा देण्याची तरतूद केली, तीही याच संसदेने मंजूर केली. एप्रिल १९२४ च्या निवडणुकीत दहशतीच्या छायेत सरकारी यादीला सुमारे ६५ टक्के मते पडली.

हे सर्व उलटवण्याची एक खरी संधी आली होती, आणि ती जाकोमो मात्तेओत्ती या माणसाने स्वतःच्या प्राणांचे मोल देऊन आणली होती. मात्तेओत्ती रोविगोच्या सधन घरातला, पण मजुरांच्या बाजूने उभा राहिलेला समाजवादी खासदार होता; टोळ्यांचे अत्याचार त्याने आपल्या जिल्ह्यात पाहिले आणि सोसले होते. ३० मे १९२४ रोजी त्याने संसदेत उभे राहून, आरडाओरडा आणि धमक्या यांना न जुमानता, निवडणुकीतील हिंसेचा जिल्हावार पाढा वाचला आणि निवडणूक रद्द करण्याची मागणी केली. १० जूनला रोममध्ये टायबर नदीच्या काठच्या रस्त्यावरून त्याला मोटारीत ओढून नेले आणि ठार मारले. मृतदेह १६ ऑगस्टला शहराबाहेरच्या रानात सापडला. मारेकऱ्यांचे धागेदोरे थेट मुसोलिनीच्या कार्यालयापर्यंत पोचत होते. कोटाच्या बटनपट्टीवरून पक्षाची चिन्हे गळून पडली, मुसोलिनीच्या भेटीला येणाऱ्यांनी गजबजलेले दालन ओस पडले. त्या आठवड्यांत राजाने त्याला बडतर्फ केले असते तर कोणी बोट उचलले नसते, असे त्या काळाचे सगळे वर्णन वाचून माझे मत झाले आहे. विरोधी खासदार संसद सोडून बाहेर पडले आणि राजाकडे डोळे लावून बसले. राजाने त्यांचे पुरावे पाहिले आणि काहीही केले नाही. सिनेटने जूनमध्येच पुन्हा विश्वासाचे मत दिले, आणि ते देणाऱ्यांत बेनेदेत्तो क्रोचेसारखा तत्त्वज्ञही होता, ज्याला आपली चूक कळून त्याने पुढच्याच वर्षी फॅसिस्टविरोधी विचारवंतांचा जाहीरनामा लिहिला. सहा महिने कोणी काही करत नाही हे पाहून मुसोलिनीने ३ जानेवारी १९२५ रोजी संसदेत जे काही घडले त्याची राजकीय, नैतिक आणि ऐतिहासिक जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि मला आरोपी करून दाखवा असे आव्हान दिले. आव्हान कोणी स्वीकारले नाही. हुकूमशाहीचा आरंभ मी त्या दिवसापासून धरतो.

पुढच्या दोन वर्षांतले बदल भराभर झाले. संपावर बंदी आली, निवडून आलेल्या महापौरांच्या जागी सरकारने नेमलेले ‘पोदेस्ता’ बसले, आणि नोव्हेंबर १९२६ मध्ये इतर सर्व पक्ष बरखास्त होऊन राजकीय गुन्ह्यांसाठी खास न्यायालय स्थापन झाले. कम्युनिस्ट नेता अंतोनियो ग्राम्शी खासदार असतानाच पकडला गेला, १९२८ मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली आणि १९३७ मध्ये प्रकृती पूर्ण ढासळून तो वारला. हजारोंना दूरच्या बेटांवर आणि डोंगरी खेड्यांत स्थानबद्ध केले गेले. १९३१ मध्ये विद्यापीठातील प्राध्यापकांवर राजवटीच्या निष्ठेची शपथ घेण्याची सक्ती झाली, तेव्हा सुमारे बाराशेंपैकी जेमतेम बारा जणांनी नकार दिला. मी स्वतः शिक्षक आहे, आणि हा आकडा मला कधीही विसरता आलेला नाही. ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन कराराने पोपशी साठ वर्षांचे वैर मिटले, आणि चर्चच्या आशीर्वादाने राजवटीची मुळे खेड्यापाड्यांत गेली.

पण दोन गोष्टी त्याने केल्या नाहीत, किंवा त्याला करता आल्या नाहीत. १८४८ ची राज्यघटना त्याने रद्द केली नाही, त्यामुळे पंतप्रधान नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार राजाकडेच राहिला, आणि सैन्याची शपथही राजाच्या नावाने होत राहिली. जर्मनीत हिंडेनबुर्गच्या मृत्यूनंतर हिटलरने राष्ट्राध्यक्षपदच गिळले आणि सैनिकांकडून स्वतःच्या नावाने शपथ घेववली. मुसोलिनीच्या डोक्यावर मात्र राजा शेवटपर्यंत होता. दुसरी गोष्ट म्हणजे १९२८ च्या डिसेंबरमध्ये त्याने फॅसिस्ट महासमितीला, म्हणजे पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांच्या मंडळाला, कायद्याने राज्यसंस्थेचा दर्जा दिला. पक्ष म्हणजेच राज्य हे दाखवण्यासाठी त्याने हे केले, आणि आपल्याला कायदेशीररीत्या हटवण्याचे साधन स्वतःच्या हाताने तयार करून ठेवले.

‘पण त्याने देश सुधारला, गाड्या वेळेवर धावल्या’ हे वाक्य मी वर्गात दरवर्षी ऐकत आलो आहे, म्हणून त्याविषयी. रोमच्या दक्षिणेकडील पोंतीन दलदल उपसून तेथे लित्तोरिया आणि सबाउदिया ही नवी गावे वसवली गेली आणि हिवतापाचे जुने घर नाहीसे झाले, हे काम खरे आणि मोठे होते. गव्हाचे उत्पादनही वाढले. परंतु त्यासाठी गुराढोरांची कुरणे आणि फळबागा गव्हाखाली गेल्या, आयात करामुळे भाकरी महाग झाली, आणि १९२७ मध्ये प्रतिष्ठेखातर लिराचा भाव पौंडाला सुमारे ९० असा चढा बांधल्यावर निर्यात मंदावून मजुरी वरून हुकूम काढून कापण्यात आली. संप बेकायदा असल्यामुळे मजुरांना तोंड उघडता येत नव्हते. परदेशी पाहुण्यांना यातले काही दिसत नव्हते. त्यांना संचलन दिसे, कवायत दिसे. १९२६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर सरकारी पाहुणे म्हणून इटलीत गेले, तेव्हा त्यांच्या सौजन्याच्या शब्दांचा प्रचारासाठी वापर झाला. बाहेर पडल्यावर निर्वासितांकडून खरी हकीकत कळताच त्यांनी जाहीर पत्राने फॅसिझमचा निषेध केला. आपल्याकडचे बा. शि. मुंजे १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीला भेटले, तेथील तरुणांच्या लष्करी शिक्षणाच्या संस्था त्यांनी पाहिल्या आणि त्यांची रोजनिशीत प्रशंसा केली. पुढे १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला सैनिकी शाळा काढली. दोघांनी पाहिलेले इटली एकच होते. ठाकुरांनी तेथून हद्दपार झालेल्यांचे म्हणणे ऐकून घेतले, एवढा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आता पतनाकडे. त्याचे बीज बहुतेक जण १९४० मध्ये शोधतात. मी ते १९३५ मध्ये, म्हणजे त्याच्या सर्वांत मोठ्या विजयात पाहतो. त्याआधीच लिबियात सिरेनेकाचे सुमारे एक लाख लोक घरेदारे सोडायला लावून छावण्यांत कोंडले गेले होते आणि तेथील प्रतिकाराचा सत्तरी ओलांडलेला नेता उमर अल-मुख्तार याला १६ सप्टेंबर १९३१ रोजी फाशी देण्यात आली होती. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीने इथिओपियावर स्वारी केली. विमानांतून विषारी वायू सोडण्यात आला. राष्ट्रसंघाने निर्बंध लादले, पण त्यांतून खनिज तेल वगळले, आणि ब्रिटनने सुएझ कालवा उघडा ठेवला. निर्बंधांमुळे नुकसान थोडे झाले, पण अभिमान मात्र पेटून उठला; १८ डिसेंबरला राणी एलेनासह लाखो स्त्रियांनी लग्नाच्या अंगठ्या देशाला दिल्या. ५ मे १९३६ रोजी आदिस अबाबा पडले, आणि ९ मे रोजी पालाझ्झो व्हेनेझियाच्या सज्ज्यातून साम्राज्याची घोषणा होऊन व्हिक्टर इमॅन्युएल इथिओपियाचा सम्राट झाला. लोकप्रियतेचे शिखर ते हेच. पण त्या युद्धाने आणि पाठोपाठ स्पेनमध्ये पाठवलेल्या सत्तर हजारांहून अधिक सैनिकांनी तिजोरी आणि शस्त्रागार रिकामे केले, ब्रिटन-फ्रान्सशी असलेले संबंध तुटले, आणि आपल्याला हरणे शक्य नाही असा मुसोलिनीचा पक्का समज झाला. १९३४ मध्ये ऑस्ट्रियाच्या रक्षणासाठी ज्याने हिटलरविरुद्ध ब्रेनर खिंडीकडे सैन्य धाडले होते, त्यानेच १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळली जाताना मौन पाळले. त्याच वर्षी त्याने इटलीतील ४५ ते ५० हजार ज्यूंवर वंशभेदाचे कायदे लादले. ज्यांतले अनेक जण पहिल्या महायुद्धात इटलीसाठी लढले होते, अशा या नागरिकांना शाळांतून, विद्यापीठांतून आणि नोकऱ्यांतून बाहेर काढले गेले. त्या कायद्यांवरही राजाची सही आहे.

१० जून १९४० रोजी, फ्रान्स कोसळत असताना, मुसोलिनीने युद्धाची घोषणा केली. तयारी अशी होती, की घोषणेच्या दिवशी इटलीच्या व्यापारी जहाजांपैकी सुमारे एक तृतीयांश परक्या बंदरांत अडकून पडली, कारण त्यांना परत या असे कोणी सांगितलेच नव्हते. २८ ऑक्टोबरला, रोमवरील मोर्चाचा वाढदिवस साधून, ग्रीसवर स्वारी झाली. ती पावसाळ्यात, डोंगरात, लाखो सैनिकांना शेतीच्या कामासाठी घरी पाठवल्यानंतर झाली, आणि वर्षअखेरीपर्यंत ग्रीकांनी इटालियन सैन्याला अल्बानियात मागे रेटले. त्याच हिवाळ्यात उत्तर आफ्रिकेत चौथ्या भारतीय डिव्हिजनचा समावेश असलेल्या छोट्या ब्रिटिश फौजेसमोर इटलीचे सैन्य कोसळले आणि दोन महिन्यांत सव्वा लाखाहून अधिक सैनिक कैद झाले. इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर मात्र इटालियन सैनिक फार शौर्याने लढले. मार्च १९४१ अखेर ते ठाणे चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजननी घेतले, आणि त्या चढाईत मराठा पलटणीही होत्या. इथिओपियाचा पदच्युत सम्राट हाइले सेलासी ५ मे १९४१ रोजी, आदिस अबाबा पडल्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, आपल्या राजधानीत परतला. रशियात पाठवलेल्या दोन लाखांहून अधिक इटालियन सैनिकांपैकी हजारो १९४२-४३ च्या हिवाळ्यात डॉन नदीच्या काठी बर्फात राहिले. मार्च १९४३ मध्ये तुरीनच्या कारखान्यांत संप झाला. अठरा वर्षे गप्प बसवलेल्या कामगारांनी राजवटीला सर्वांत आधी तोंडावर नकार दिला, याची आठवण ठेवणे मला न्यायाचे वाटते.

१० जुलैला दोस्त सैन्य सिसिलीत उतरले, आणि १९ जुलैला, मुसोलिनी फेल्त्रे येथे हिटलरचे लांबलचक भाषण ऐकत असताना, रोमच्या सान लोरेंझो वस्तीवर बाँब पडले. २४ जुलैला संध्याकाळी पाच वाजता महासमितीची बैठक भरली. डिसेंबर १९३९ नंतर ती बोलावलीच गेली नव्हती. बोलोन्याच्या त्या जुन्या ‘रास’ने, दिनो ग्रांदीने, सैन्याची सर्वोच्च सूत्रे राजाने परत घ्यावीत असा ठराव मांडला. पहाटे अडीचच्या सुमारास मते मोजली गेली, तेव्हा २८ पैकी १९ जण ठरावाच्या बाजूने निघाले. त्यांत मुसोलिनीचा जावई चानो होता, आणि रोमवरील मोर्चाच्या चार सेनानींपैकी हयात असलेले दोघे, दे बोनो आणि दे वेक्की, हेही होते. मुसोलिनीला या मताचे फारसे महत्त्व वाटले नाही, कारण राजा आपल्यामागे आहे अशी त्याची वीस वर्षांची खात्री होती. २५ तारखेला संध्याकाळी तो व्हिला सावोइया येथे भेटीला गेला. राजाने त्याला सांगितले, की पंतप्रधानपदी सेनापती बादोल्यो यांची नेमणूक झाली आहे. बाहेर पडताच काराबिनिएरींनी (लष्करी पोलिसांनी) त्याला रुग्णवाहिकेत बसवून नेले. रात्री पावणेअकराला नभोवाणीवरून बातमी आली आणि लोक रात्रीच्या कपड्यांतच रस्त्यांवर धावले, दगडी चिन्हे हातोड्यांनी फोडू लागले. चाळीस लाखांहून अधिक सदस्य असलेल्या पक्षाने आणि सशस्त्र मिलिशियाने काहीही केले नाही. ‘स्तेफानी’ या वृत्तसंस्थेचा प्रमुख मोर्गान्यी याने त्या रात्री स्वतःला गोळी घातली. त्याच्यासारखा दुसरा कोणी निघाला नाही.

वाचकाच्या प्रश्नाचा दुसरा भाग येथे सुटतो. सज्ज्याखालची ती गर्दी खोटी नव्हती, १९३६ मध्ये तर नव्हतीच. पण विरोधाचा प्रत्येक मार्ग बंद केलेल्या देशात गर्दीवरून निष्ठा मोजता येत नाही, आणि पक्षाचे सदस्यत्व नोकरीसाठी लागत असल्यामुळे त्या आकड्यालाही अर्थ उरला नव्हता. राजा, सेनापती, चर्च आणि कारखानदार यांच्याशी झालेल्या तडजोडीवर हे सारे उभे होते. युद्ध हरल्यावर त्या तडजोडीत त्यांचा काही लाभ उरला नाही, आणि त्यांनी पाठ फिरवली. पश्चात्ताप झाला म्हणून त्यांनी त्याला काढले, असे मात्र कोणी समजू नये. मात्तेओत्तीचा खून, इथिओपियातील वायू, ज्यूंवरचे कायदे यांपैकी कशानेही राजा हलला नव्हता.

आणि याची किंमत इटलीने दिली. ८ सप्टेंबरला शस्त्रसंधी जाहीर होताच राजा आणि बादोल्यो सैन्याला स्पष्ट हुकूम न देता ब्रिंदिसीला पळाले; सहा लाखांहून अधिक इटालियन सैनिकांना जर्मनांनी पकडून छावण्यांत नेले. १२ सप्टेंबरला जर्मन छत्रीधारी सैनिकांनी ग्रान सास्सोच्या डोंगरावरून मुसोलिनीला सोडवले आणि गार्दा सरोवराकाठी सालो येथे नामधारी सत्ता देऊन बसवले. १६ ऑक्टोबरला रोममधून एक हजाराहून अधिक ज्यूंना पकडून मृत्युछावण्यांकडे पाठवण्यात आले. मार्च १९४४ मध्ये रोमजवळच्या आर्देआतीनेच्या खाणींत जर्मनांनी ३३५ जणांना गोळ्या घातल्या. महासमितीत मुसोलिनीच्या विरोधात मत दिलेल्या चानोला आणि ७७ वर्षांच्या दे बोनोला त्याआधी जानेवारीत व्हेरोना येथे गोळ्या घालण्यात आल्या. आपल्या वाचकांना हे माहीत असावे, की या दीड वर्षाच्या लढाईत मराठी मुलांचेही रक्त सांडले आहे. टायबरच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि ते घेतल्यावर धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना वाचवून शत्रूची ठाणी शांत केली. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि घाडग्यांचा पुतळा माणगावात उभा आहे.

२५ एप्रिल १९४५ रोजी मुसोलिनीने मिलान सोडले. २७ तारखेला कोमो सरोवराकाठी दोंगो येथे माघार घेणाऱ्या जर्मन ताफ्यात, जर्मन सैनिकाचा ओव्हरकोट घातलेला, तो फॅसिस्टविरोधी सशस्त्र प्रतिकारकांना सापडला. दुसऱ्या दिवशी त्याला आणि त्याची प्रेयसी क्लारा पेताच्ची हिला गोळ्या घातल्या गेल्या. २९ एप्रिलला दोघांचे मृतदेह मिलानच्या पियाझ्झाले लोरेतो चौकात उलटे टांगण्यात आले. आठ महिन्यांपूर्वी याच चौकात फॅसिस्टांनी पंधरा प्रतिकारकांना मारून त्यांचे मृतदेह दिवसभर उन्हात टाकून ठेवले होते, हे सांगितल्याशिवाय त्या दृश्याचे वर्णन अपुरे राहते. तरीही ते दृश्य पाहून मला कधी समाधान वाटले नाही. त्याला न्यायालयात उभे राहावे लागायला हवे होते, आणि त्याच्याबरोबर आणखी एका माणसालाही. राजावर खटला झाला नाही. ९ मे १९४६ रोजी, इथिओपियाचा सम्राट झाल्याला बरोबर दहा वर्षे पूर्ण होत असताना, त्याने मुलासाठी सिंहासन सोडले आणि तो इजिप्तला निघून गेला. २ जूनच्या सार्वमतात, ज्यात इटलीच्या स्त्रियांनी पुरुषांच्या बरोबरीने मत दिले, ५४ टक्क्यांहून अधिक मतदारांनी राजेशाहीच रद्द केली.